स्टेंट बसला, पुढची वीस वर्षे?

अँजिओप्लास्टी होऊन माणूस घरी आला की पहिला आठवडा घर पाहुण्यांनी भरलेले असते. नातेवाईक येतात, मोहल्ल्यातले येतात, मशिदीतले सोबती येतात. उठताना प्रत्येकजण एकच वाक्य बोलून जातो, "अल्हम्दुलिल्लाह, ब्लॉकेज निघाले, आता काळजी मिटली." पंधरा दिवसांनी फेरतपासणीला आलेल्या कुटुंबाचा प्रश्नही ठरलेला असतो. बहुधा मुलगा विचारतो, "डॉक्टरसाहेब, अब्बांना आता काहीच त्रास नाही. या गोळ्या किती दिवस द्यायच्या?"

या महिन्याचा लेख त्या एका प्रश्नावर आहे. दोन ओळींचे उत्तर असे की बहुतेक गोळ्या कायमच्या आहेत. पण कारण कळल्याशिवाय कोणी आयुष्यभर गोळ्या घेत नाही, हे मी रोज पाहतो.

आधी स्टेंट म्हणजे नेमके काय, ते पाहू. मनगटातून किंवा जांघेतून एक बारीक नळी हृदयाच्या धमनीपर्यंत नेतात. अरुंद झालेल्या जागी तिच्या टोकावरचा छोटा फुगा फुगवतात. धमनीच्या भिंतीत साठलेला चरबीचा थर त्यामुळे बाजूला दाबला जातो, आणि तो पुन्हा आत येऊ नये म्हणून तिथे धातूची जाळी बसवतात. म्हणजे थर निघत नाही, दाबला जातो. "ब्लॉकेज काढले" असे आपण म्हणतो, डॉक्टरही म्हणतात, पण शरीरातून काही बाहेर काढलेले नसते. आणि दाबला जातो तो फक्त तेवढ्या दोन-तीन सेंटिमीटर जागेतला थर. त्याच माणसाच्या बाकीच्या धमन्या, मेंदूकडे जाणाऱ्या, मूत्रपिंडाच्या, पायांच्या, जशा होत्या तशाच राहतात.

फुग्याची ही युक्ती आन्द्रेआस ग्रुन्ट्झिग या जर्मन डॉक्टरची. स्वित्झर्लंडमध्ये झुरिच इथे आपल्या घरातल्या स्वयंपाकघरात, पत्नी आणि सहकाऱ्यांच्या मदतीने, तो हे फुगे हाताने तयार करीत असे. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्याने ३८ वर्षांच्या एका रुग्णाची धमनी जगात पहिल्यांदा अशी उघडली. दहा वर्षांनी त्या रुग्णाची पुन्हा तपासणी झाली तेव्हा ती जागा मोकळीच होती. ही गोष्ट ऐकली की लोक खूश होतात, आणि आपलेही असेच होईल असे धरून चालतात. मात्र त्या रुग्णाला एकाच धमनीत एकच छोटा अडथळा होता. आपल्याकडे अँजिओग्राफीची सीडी लावली की बहुतेक वेळा वेगळे चित्र दिसते. एक जागा ऐंशी टक्के, दुसरी पन्नास, तिसरी चाळीस, आणि मधली धमनी लांबवर खडबडीत. स्टेंट ऐंशीवाल्या जागी बसतो. चाळीसवाली जागा घरी येते.

हृदयविकाराचे झटके पुष्कळदा या चाळीस-पन्नास टक्केवाल्या जागांमधून येतात. तिथला थर मऊ असतो. त्यावरचे पातळ आवरण एखाद्या दिवशी फाटते, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत धमनी बंद होते. झटका चालू असताना ताबडतोब केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते, यात शंका नाही; तेव्हा एक मिनिटही दवडू नये. पण ज्यांचा आजार स्थिर आहे, चालताना छातीत भरून येते आणि थांबले की कमी होते, अशांची गोष्ट वेगळी. ३७ देशांतल्या ५,१७९ अशा रुग्णांवर झालेला 'इस्केमिया' नावाचा मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातले रुग्णही त्यात होते. अर्ध्यांना औषधांबरोबर स्टेंट किंवा बायपासच्या वाटेने नेले, अर्ध्यांना आधी फक्त चांगली औषधे दिली. ज्यांना छातीत दुखत होते त्यांचे दुखणे स्टेंट-बायपासने जास्त कमी झाले. मृत्यू आणि झटके मात्र तीनेक वर्षांत दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले. दुखणे स्टेंटने घालवले; पुढचा झटका टाळण्याचे काम औषधांवर आणि राहणीमानावरच राहिले.

मग या धमन्या मुळात खराब कशाने होतात? विडी-सिगारेट, तंबाखू, मिश्री हे एक कारण सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या कारणाचे नाव फारसे ऐकलेले नसते: मेटाबॉलिक सिंड्रोम. शरीर अन्नाचा वापर करते त्या व्यवस्थेतला हा बिघाड आहे. पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात चरबी साठते, इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, आणि मग रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी अशा तिन्ही गोष्टी एकमेकींचा हात धरून बिघडतात. अमेरिकेतले डॉक्टर जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये या जुळणीकडे लक्ष वेधले. कारण पुरते उलगडले नव्हते म्हणून त्यांनी तिला 'सिंड्रोम एक्स' असे नाव दिले होते.

हा सिंड्रोम ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. शिलाई मशीनच्या खणातली टेप आणा. सर्वात खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता माप घ्या. पँट जिथे बांधता तिथे नाही. पुष्कळ पुरुषांची पँट पोटाच्या खाली सरकलेली असते आणि "माझी कंबर चौतीसच आहे" असे ते छातीठोकपणे सांगतात. आपल्या भागातल्या लोकांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त माप आले, तर कंबर वाढलेली धरतात. इंचात साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस. बाकीच्या चार खुणा अशा: रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, आणि एच.डी.एल. नावाची चांगली चरबी पुरुषांत ४० च्या आणि स्त्रियांत ५० च्या खाली. या पाचांपैकी तीन असल्या की सिंड्रोम आहे. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असेल, तर आकडा चांगला आला तरी ती खूण धरायचीच.

"पण आमचे अब्बा तर सडपातळ आहेत!" हेही नेहमी ऐकू येते. त्याला पुण्याचे एक सुंदर उत्तर आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! बाहेरून बारीक आणि आतून चरबीदार अशी आपली ठेवण आहे. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांमध्येसुद्धा ती दिसली. वजनाला ती बाळे इंग्रज बाळांपेक्षा बरीच कमी होती, तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. त्यामुळे आपल्यासाठी कंबरेची मर्यादा युरोपातल्या लोकांपेक्षा खालची ठेवली आहे. पहिला झटकाही आपल्याकडे लवकर येतो. ५२ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या रुग्णांचे त्या वेळचे मधले वय ५३ निघाले, इतर देशांत ते जवळजवळ ५९ होते. घरातली मुले शिकत असतात, मुलींची लग्ने व्हायची असतात, त्या वयात.

आता रक्तदाब. या सगळ्यात सर्वात जास्त दुर्लक्ष त्याचेच होते, कारण तो दुखत नाही. वरचा आकडा ११५ च्या पुढे गेला की दर २० अंकांच्या वाढीमागे हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने मरण्याचा धोका चाळीस ते सत्तर वयात साधारण दुप्पट होतो. १३५ वाला आणि १५५ वाला दोघेही सारखेच ठणठणीत दिसतात, दोघेही बाजार करून येतात. पण एकाच्या धमन्यांवर चोवीस तास जास्त मार बसत असतो. स्टेंट झालेल्या माणसाचा रक्तदाब साधारण १३०/८० च्या खाली राहावा, असे आम्ही पाहतो. वय फार असेल, उभे राहताना चक्कर येत असेल, तर डॉक्टर थोडी सूट देतात.

घरी मोजायचे यंत्र जरूर घ्या, दंडावर पट्टा बांधायचे. मनगटावरचे शक्यतो नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिन्याची चढउतार नको. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटे गप्प बसा. दंड छातीच्या पातळीवर हवा. मिनिटाभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळचे आकडे घेऊन या. मला दवाखान्यातल्या एका मोजणीपेक्षा ती वही जास्त कामाची वाटते. मोजताना नातू मांडीवर आणि फोन कानाला असेल, तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

रक्तदाबाच्या गोळ्या सुटण्याचे एक कारण दवाखान्यात कोणी बोलत नाही. सजद्यातून उठताना किंवा वाकून एकदम सरळ होताना डोळ्यांपुढे अंधारी येते. "गोळीने चक्कर येते" म्हणून ज्येष्ठ मंडळी परस्पर गोळी बंद करतात, किंवा जुम्म्याच्या दिवशी तेवढी घेत नाहीत. असे होत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गोळीची वेळ बदलता येते, मात्रा कमी करता येते, एखादी गोळी बदलता येते. तोपर्यंत उठताना क्षणभर बसून मग उठावे, किंवा खुर्चीवर नमाज पढावी. छाती उघडून बायपास झालेल्यांनी तर पहिले सहा ते आठ आठवडे हातांवर भार देऊन उठायचेच नसते, कारण छातीचे मधले हाड तेवढ्यात जुळत असते. सजद्यातून उठताना नेमका हातांवर भार येतो. त्या काळात खुर्ची घ्या. याची लाज वाटण्याचे कारण नाही.

रक्तदाब वाढवणाऱ्या घरगुती गोष्टीही जाता जाता सांगतो. गुडघे दुखतात म्हणून औषधाच्या दुकानातून आणून रोज घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडाला आणि हृदयालाही जड जातात. खोकल्यासाठी महिनोन्‌महिने चघळलेली मुलेठी रक्तदाब वाढवते. "शुगर मुळापासून घालवणारी" म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून तर दूरच राहा. अशा बिननावाच्या पुड्यांत कित्येकदा स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे, आणि स्टेरॉइडने साखर आणि रक्तदाब दोन्ही चढतात.

आता स्टेंटच्या गोळ्या. जाळी परकी वस्तू आहे. तिच्यावर शरीराची स्वतःची पातळ त्वचा चढेपर्यंत रक्त तिथे गोठायला बघते. म्हणून अॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर यांसारखी दुसरी गोळी देतात. झटका येऊन गेलेल्यांना ही जोडी बहुधा वर्षभर, इतरांना साधारण सहा महिने. रक्तस्रावाचा धोका पाहून डॉक्टर मुदत कमी-जास्त करतात. त्यानंतर दोहोंपैकी एक, बहुधा अॅस्पिरिन, कायम.

एक चाळिशीतला गॅरेजवाला मला आठवतो. नाव-गाव सांगत नाही. झटका आला, वेळेवर रुग्णालयात पोहोचला, एक स्टेंट बसला, आठवड्यात घरी. तिसऱ्या महिन्यात एकदम बरे वाटू लागले. त्याच सुमारास दाढ काढायची होती, रक्त फार वाहील असे कोणीतरी सांगितले. त्याने दोन्ही गोळ्या थांबवल्या आणि दाढ काढून झाल्यावर पुन्हा सुरू केल्याच नाहीत. घरात बहिणीच्या लग्नाची गडबड होती, गोळ्यांचे पैसेही तेवढेच वाचले. बारा-तेरा दिवसांनी पहाटे छातीत दुखू लागले. स्टेंटमध्येच गुठळी धरली होती. तो वाचला, पण हृदयाचा स्नायू बराच मेला. पंप करण्याची ताकद, जी साठच्या आसपास असायला हवी, ती तीसवर आली. गॅरेज आता धाकटा भाऊ चालवतो. दाढ काढण्यासाठी या गोळ्या थांबवण्याची बहुतेक वेळा गरजच नसते, दाबून धरले की रक्त थांबते. स्टेंटची गोळी थांबवायची की नाही, हे दंतवैद्याने किंवा शेजाऱ्याने ठरवायचे नाही. हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून विचारायचे.

दुसरी हमखास सुटणारी गोळी म्हणजे कोलेस्टेरॉलची, अॅटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन. रिपोर्ट चांगला आला की लोक म्हणतात, कोलेस्टेरॉल नॉर्मल झाले, मग गोळी कशाला? ते गोळीमुळे नॉर्मल झालेले असते. शिवाय निरोगी माणसाचे 'नॉर्मल' आणि स्टेंटवाल्याचे 'नॉर्मल' सारखे नाही. वाईट चरबी, म्हणजे एल.डी.एल., स्टेंटवाल्यात निदान ७० च्या खाली हवी. आता तर ५५ च्या खाली आणा असे सांगितले जाते. छापील कागदावर शेजारी '१०० पर्यंत ठीक' असे लिहिलेले असेल, तर ते तुमच्यासाठी नाही. हीच गोळी धमनीतले ते मऊ थर हळूहळू घट्ट करते, म्हणजे ते फाटण्याची शक्यता कमी होते.

ज्यांना मधुमेह आहे आणि तीन-तीन धमन्यांत अडथळे आहेत, त्यांनी "बायपास नको, चार स्टेंट टाका" असा हट्ट धरू नये. १,९०० मधुमेही रुग्णांच्या 'फ्रीडम' या अभ्यासात, २०१२ मध्ये, पाच वर्षांत मृत्यू, झटका किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी झालेले स्टेंटवाले शंभरात सुमारे २७ होते आणि बायपासवाले सुमारे १९. पक्षाघात तेवढा बायपासमध्ये थोडा जास्त होता. बायपासही कायमचा पट्टा लिहून देत नाही. छातीच्या आतली धमनी जोडली असेल तर ती दहा वर्षांनीही शंभरातल्या नव्वदांची चालू असते. पायाच्या शिरेचे जोड मात्र दहा वर्षांत निम्म्याच्या आसपास बंद पडतात, आणि विडी-तंबाखू चालू असेल, चरबी वाढलेली असेल तर अधिकच लवकर.

दस्तरखानाबद्दल लोकांना वाटते की डॉक्टर फक्त गोश्त बंद करायला सांगणार. मला गोश्तापेक्षा बाकीच्या गोष्टींची जास्त चिंता वाटते. निहारी, पाया, बिर्याणी महिन्यातून एखाददुसऱ्या वेळी होते. पण सकाळी गोड चहाबरोबर खारी-बटर, दहा वाजता पुन्हा चहा आणि नानखटाई, दुपारी ताट भरून भात, संध्याकाळी पाव, हे रोजचे आहे. ट्रायग्लिसराइड वाढवण्यात आणि कंबर वाढवण्यात मैदा, साखर आणि भाताचा वाटा मोठा असतो. भात बंद करू नका, वाटी ठरवा. तेवढी जागा डाळीने, भाजीने, कोशिंबिरीने भरा. कोकणातल्या घरांत मासे असतात, ते उत्तम. रश्श्याचे करा, तळलेले कमी. सुके बोंबील, सुकट, खारवलेला मासा, लोणचे, पापड यांत मात्र मीठ फार असते. दिवसाचे सगळे मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत हवे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि यात बिस्किटातले, फरसाणातलेही आले. एका माणसासाठी वेगळे अळणी शिजवले तर तो चार दिवसांत चिडतो आणि लपून खातो. सगळ्या घराच्या भांड्यातले मीठ दर आठवड्याला चिमूटभर कमी करा. महिन्याभरात जिभेला कळतही नाही.

डालडा घरातून गेला असेल तर चांगलेच. ट्रान्स फॅटवर सरकारने जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे. तरी तेच ते तेल पुन्हा पुन्हा तापवून तळलेले समोसे मर्यादेत बसतात, असे समजू नका.

चालणे आठवड्यातून पाच दिवस, तीस मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. फजरनंतरची वेळ चांगली. थंडीत थोडे ऊन येऊ द्यावे. सुरुवात पाच-दहा मिनिटांपासून करावी.

रमजानचे दरवर्षी विचारले जाते, म्हणून आधीच लिहितो. झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपास नुकतीच झाली असेल, पहिले सहा आठवडे तर नक्कीच, रोजे ठेवू नयेत. हृदयाची ताकद कमी झालेली, इन्सुलिनवर असलेले, चक्कर येऊन पडलेले, यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठेवू नयेत. आजाऱ्याला सवलत आहे, हे सगळ्यांना माहीत असते. ती घ्यायला मात्र घरातले मोठेच तयार नसतात. ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांनी रमजानच्या महिनाभर आधी येऊन गोळ्यांचे वेळापत्रक बदलून घ्यावे. दिवसातून एकदा घ्यायची गोळी बहुधा इफ्तारला नेता येते, दोनदा घ्यायची सहरी आणि इफ्तारला. लघवी वाढवणारी गोळी सहरीला घेतली तर दिवसभर पाणी नसताना शरीर कोरडे पडते, म्हणून ती इफ्तारनंतर. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी साखर एकदम उतरते, त्यांची मात्रा डॉक्टर कमी करतात. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असेच बहुतेक उलेमा सांगतात. त्यामुळे दुपारी आणि अस्रच्या सुमारास जरूर तपासा. ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, छातीत दुखले, दरदरून घाम फुटला, तर रोजा तिथेच सोडायचा आणि १०८ ला फोन करायचा. इफ्तारला आधी खजूर, पाणी आणि फळे, मग थोडे थांबून जेवण. भजी-समोसे-शरबत एकदम पोटात गेले तर त्या रात्रीचा आकडा वहीत लिहायलाही भीती वाटते.

आखातात नोकरीला असलेल्यांसाठी, आणि उमरा-हजला निघालेल्यांसाठी: गोळीचे ब्रँडचे नाव लिहून घेऊ नका, औषधाचे मूळ नाव घ्या. तिथे ब्रँड वेगळे असतात, आणि इथून नेलेली एक आणि तिथे घेतलेली दुसरी अशी एकच गोळी दोनदा घेणारे मी पाहिले आहेत. औषधे हातातल्या बॅगेत ठेवा, सोबत चिठ्ठी ठेवा.

पैशांचा प्रश्न खरा आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी एकेका स्टेंटचे लाखाच्या वर बिल होई. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही आहेत. त्यातून उपचार झाले असतील तर पुढच्या तपासण्या आणि औषधांचे काय मिळते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रोजच्या गोळ्यांसाठी जनऔषधी दुकानात जा. मूळ नावाने त्या बऱ्याच स्वस्त मिळतात. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत असतात. महागड्या टॉनिकचे पैसे वाचवा, या गोळ्यांचे नको.

शेवटी घरातल्या बायकांविषयी. अब्बांच्या गोळ्यांची वेळ, त्यांचे अळणी जेवण, त्यांची फाइल, सगळे अम्मी सांभाळते. तिचा स्वतःचा रक्तदाब शेवटी कधी मोजला, असे विचारले की बऱ्याचदा उत्तर येते, धाकट्याच्या बाळंतपणात. पाळी गेल्यावर स्त्रियांची कंबर, रक्तदाब आणि चरबी झपाट्याने बदलतात. झटका आला तरी छातीत कळ येईलच असे नाही; दम लागतो, मळमळते, जबडा किंवा पाठ दुखते, फार थकवा येतो. घरचे त्याला गॅस समजतात आणि सोडा पाजतात. गरोदरपणात ज्यांना रक्तदाब किंवा साखर वाढली होती, त्यांना पुढे या आजारांचा धोका जास्त असतो, त्यांनी तर दरवर्षी तपासावे. वडिलांना ५५ च्या आधी किंवा आईला ६५ च्या आधी हृदयविकार झाला असेल, तर तिशी ओलांडलेल्या मुलामुलींनी आणि सख्ख्या भावंडांनीही टेप, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि चरबी, एवढे तपासून घ्यावे.

प्रश्न मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. रुग्णाचे वय, स्टेंट किंवा बायपासची तारीख आणि गोळ्यांची मूळ नावे स्वच्छ अक्षरात लिहा. अँजिओग्राफीची सीडी पाठवू नका, ती टपालात तुटते.